‘फॉलआउट ५’च्या आधी : हक्कांची ओढाताण आणि आठवण ठेवणारं जग

‘द एल्डर स्क्रोल्स ६’ पूर्ण झाला की पुढचा मोठा गेम ‘फॉलआउट ५’ असेल, असं हे गेम बनवणाऱ्या बेथेस्डा या कंपनीचे टॉड हॉवर्ड यांनी जून २०२२ मध्ये सांगितलं. घोषणा म्हणावी तर एवढीच, तरी तेव्हापासून या गेमबद्दल अखंड चर्चा चालू आहे. लोक इतकी वाट का पाहतात, आणि या गेमकडून नेमकं काय मागतात, हे कळायला १९८८ पर्यंत मागे जावं लागतं. ‘फॉलआउट’सारख्या, अणुयुद्धानंतरच्या जगातल्या रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे खेळाडूने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या आरपीजीचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरत आला आहे. या जगाचे हक्क कोणाच्या हातात आहेत? आणि खेळाडूने जे केलं ते या जगाच्या लक्षात राहतं का? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, पण त्याचं उत्तर दर वेळी पहिल्याने ठरवलं.

मूळ कल्पना कागदावरच्या खेळांतून आली. १९७६ मध्ये टीएसआर कंपनीने जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ काढला आणि १९७८ मध्ये ‘गामा वर्ल्ड’. उद्ध्वस्त पृथ्वी, किरणोत्सर्गाने बदललेले प्राणी, जुन्या संस्कृतीची यंत्रं सापडणं आणि ती चालवताना जीव धोक्यात घालणं, हे सगळं तिथे टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळलं जायचं. संगणकाला हे जमवायला आणखी दहा वर्षं लागली.

१९८८ मध्ये इंटरप्ले या कंपनीने ‘वेस्टलँड’ तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, म्हणजे ईएने, तो बाजारात आणला. इंटरप्लेचे ब्रायन फार्गो यांनी त्यासाठी अ‍ॅलन पॅव्हलिश यांच्यासोबत केन सेंट आंद्रे आणि मायकेल स्टॅकपोल या कागदी खेळांच्या रचनाकारांना घेतलं. त्या काळच्या बहुतेक संगणकी आरपीजीत पात्र म्हणजे योद्धा, मांत्रिक नाहीतर चोर. इथे मात्र पात्राला कौशल्यं होती : कुलूप उघडणं, चढणं, पोहणं, स्फोटकं हाताळणं. बंद दरवाजासमोर उभं राहिल्यावर कुलूप उघडायचं, ताकद लावायची की दरवाजाच उडवायचा, हे खेळाडू ठरवायचा. पुढे या प्रकारच्या गेमची ओळख बनलेली गोष्ट इथे आधीच होती.

कथा २०८७ सालची. युद्ध होऊन नव्वदेक वर्षं उलटलेली. बॉम्ब पडले तेव्हा अमेरिकी लष्कराचे अभियंते वाळवंटात काम करत होते. त्यांनी नव्याने बांधलेला एक तुरुंग ताब्यात घेतला, कैद्यांना हाकलून दिलं आणि तिथेच वस्ती केली. डेझर्ट रेंजर्स हे त्यांचे वारस. हायपूल नावाच्या वस्तीतला एक मुलगा त्यांना आपल्या कुत्र्याचा शोध घ्यायला सांगतो. कुत्रा सापडतो तो पिसाळलेला. त्याला मारावं लागतं, आणि मग तोच मुलगा सूड घ्यायला समोर उभा राहतो. पटावरच्या ठिपक्यांएवढी चित्रं आणि दोन-चार ओळींचा मजकूर एवढ्यात हा प्रसंग उभा केला होता. योग्य वागूनही वाईट घडू शकतं, हे संगणकाच्या खेळाने इतक्या स्पष्टपणे आधी क्वचितच सांगितलं असेल.

त्याहून पुढची गोष्ट तांत्रिक होती. ‘वेस्टलँड’ खेळाडूने केलेले बदल थेट फ्लॉपी डिस्कवर लिहून ठेवायचा. एखादी वस्ती उद्ध्वस्त केलीत तर परत आल्यावर ती उद्ध्वस्तच दिसायची. म्हणूनच खेळ सुरू करण्याआधी मूळ डिस्कच्या प्रती काढून घ्यायच्या असत, नाहीतर नवं जग पुन्हा मिळालं नसतं. डिस्कवर सगळा मजकूर मावत नव्हता, म्हणून लांब परिच्छेद एका छापील पुस्तिकेत दिले होते. खेळ सांगेल तेव्हा तो क्रमांक काढून वाचायचा. आगाऊ वाचणाऱ्यांना चकवण्यासाठी त्यात खोटे परिच्छेदही पेरले होते, अगदी मंगळावरच्या स्वारीची एक बनावट कथासुद्धा.

हा गेम आला तो काळही तसाच होता. १९८३ मध्ये अण्वस्त्र-हिवाळ्याचा, म्हणजे अणुयुद्धाच्या धुराने ऊन अडून पृथ्वी गारठण्याचा इशारा देणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. १९८४ मध्ये अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने आपलं प्रलयाचं प्रतीकात्मक घड्याळ मध्यरात्रीपासून, म्हणजे सर्वनाशापासून, तीन मिनिटांवर आणलं होतं. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबाबतचा करार डिसेंबर १९८७ मध्ये झाला, म्हणजे ‘वेस्टलँड’च्या जेमतेम आधी. त्यातली भीती ताजी होती.

पण ‘वेस्टलँड’चे हक्क ईएकडे होते. १९९० मध्ये त्यांनी ‘फाउंटन ऑफ ड्रीम्स’ काढला. मूळ मंडळींशिवाय बनलेला तो गेम फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. इंटरप्लेला पुढचा भाग करायचा होता, हक्क मात्र मिळाले नाहीत. त्या नकारातून ‘फॉलआउट’साठी जागा तयार झाली.

१९९४ मध्ये इंटरप्लेचे प्रोग्रामर टिम केन नव्या गेमच्या इंजिनवर, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या मूळ प्रणालीवर, काम करू लागले, सुरुवातीला बराच काळ एकटेच. कंपनीकडे स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या गर्प्स या कागदी खेळाच्या नियमांचा परवाना होता आणि त्यावर गेम बेतायचा होता. विषय आधी ठरलेला नव्हता. इतर कल्पना मागे पडून अणुयुद्धानंतरचं जग ठरलं. लिओनार्ड बॉयार्स्की आणि जेसन अँडरसन यांनी त्याला रूप दिलं. १९५०च्या दशकातल्या अमेरिकेने जे भविष्य रंगवलं होतं, तेच प्रत्यक्षात आलं आणि मग जळून गेलं, अशी त्यांची कल्पना. ‘फॉलआउट’ आला त्या १९९७ मध्ये शीतयुद्ध संपून काही वर्षं झाली होती आणि प्रलयाचं घड्याळही बरंच मागे गेलं होतं. त्यामुळे या गेममधली भीती बातम्यांतून येत नाही, जुन्या जाहिरातींतून येते. शाळेतल्या मुलांना बाकाखाली लपायला शिकवणारा तो आत्मविश्वास, नागरी संरक्षणाची हसरी पत्रकं, आणि त्यामागे लपवलेली माणसांची पर्वा न करणारी यंत्रणा. अंगठा वर करून हसणारा व्हॉल्ट बॉय, मालिकेची ओळख बनलेलं ते चित्र, हे त्या पत्रकांचंच अपत्य आहे.

प्रकाशनाच्या वर्षीच, १९९७च्या सुरुवातीला, गर्प्सचा परवाना गेला. गेममधली हिंसा परवाना देणाऱ्यांना रुचली नव्हती. नियमांचा पायाच निघून गेल्यावर क्रिस टेलर आणि केन यांनी थोड्याच दिवसांत स्वतःची पद्धत उभी केली : ताकद, निरीक्षण, सहनशक्ती, छाप, बुद्धी, चपळता आणि नशीब. स्पेशल या नावाने ओळखली जाणारी ही सात गुणांची चौकट आजही मालिकेत टिकून आहे. बुद्धी अगदी कमी ठेवलीत तर पात्राला धड बोलताही येत नाही आणि समोरचे लोक त्याच्याशी तसेच वागतात. आकड्याचा परिणाम संवादात दिसतो, आणि आरपीजी म्हणजे काय ते इथे एका फटक्यात कळतं.

गेम २१६१ मध्ये सुरू होतो. व्हॉल्ट १३ या भूमिगत निवाऱ्यातली पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप निकामी झाली आहे आणि ती शोधायला १५० दिवस आहेत. हब या शहरातल्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन निवाऱ्याला पाणी पोचवलं तर मुदत वाढते, पण त्या तांड्यांमुळे शत्रूला निवाऱ्याचा माग लागतो. मदतीचीही किंमत आहे. शेवटी समोर येतो मास्टर, माणसांना महाउत्परिवर्तित सैनिकांत बदलून नवा वंश उभारू पाहणारा. त्याच्याशी लढता येतं. पण त्याचे सैनिक प्रजननक्षम नाहीत, याचे पुरावे गोळा करून त्याच्यासमोर ठेवले, तर आपलं स्वप्न मुळातच वांझ होतं हे त्याला उमजतं आणि तो स्वतःच सगळं संपवतो. खलनायकाला युक्तिवादाने हरवता येणं, हे मला या सगळ्या परंपरेचं शिखर वाटतं. त्यानंतर एकेका वस्तीचं पुढे काय झालं हे सांगणारी चित्रं येतात. फ्लॉपीवर कोरलेली ‘वेस्टलँड’ची आठवण इथे कथेच्या शेवटात आली.

१९९८ च्या ‘फॉलआउट २’ने ती आणखी ताणली. पहिल्या भागात शेडी सँड्स नावाचं मातीच्या घरांचं गाव आहे. तिथल्या सरपंचाची मुलगी टँडी पळवली जाते आणि खेळाडू तिला सोडवून आणू शकतो. दुसरा भाग ऐंशी वर्षांनी घडतो. ते गाव आता न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची राजधानी आहे आणि वृद्ध टँडी त्याची राष्ट्राध्यक्ष. ज्याने पहिला गेम खेळला त्याला तिच्यासमोर उभं राहताना काय वाटलं असेल! पण तोवर केन, बॉयार्स्की आणि अँडरसन यांनी कंपनी सोडून ट्रॉइका गेम्स सुरू केली होती.

नंतर इंटरप्लेची आर्थिक घसरण झाली. ‘व्हॅन ब्युरेन’ या सांकेतिक नावाने चाललेला तिसरा भाग रद्द झाला आणि डिसेंबर २००३ मध्ये तो करणारा ब्लॅक आइल हा विभागच बंद पडला. २००४ मध्ये बेथेस्डाने परवाना घेतला आणि २००७ मध्ये ५७ लाख ५० हजार डॉलर मोजून संपूर्ण मालिका विकत घेतली. आजच्या व्यवहारांकडे पाहिलं तर ही रक्कम फारच किरकोळ वाटते.

‘फॉलआउट ३’ ऑक्टोबर २००८ मध्ये आला. वरून दिसणारा पट जाऊन खेळाडू आता पात्राच्या डोळ्यांतून वॉशिंग्टन पाहू लागला. भूप्रदेश भटकण्याचा आनंद प्रचंड वाढला. संवाद मात्र पातळ झाले, ही जुन्या चाहत्यांची तक्रार मला रास्त वाटते. शेवट तर अडखळलाच. किरणोत्सर्गाचा काहीही परिणाम न होणारा सोबती शेजारी उभा असतानाही खेळाडूनेच किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत जाऊन जीव द्यायचा! लोक इतके चिडले की २००९ च्या जोडभागात तो शेवट बदलावा लागला. गेम देशोदेशी वेगवेगळ्या रूपांत पोचला. ऑस्ट्रेलियात मॉर्फिनच्या उल्लेखामुळे विक्रीसाठी लागणारं वर्गीकरण नाकारलं गेलं, तेव्हा औषधाचं नाव बदललं. जपानमध्ये गेममधल्या मेगाटन गावातला अणुबॉम्ब फोडण्याचा पर्यायच काढला. भारतात हा गेम आणणार नसल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आणि त्यासाठी सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण दिलं.

ब्लॅक आइलमधल्या काही जणांनी २००३ मध्ये ऑब्सिडियन ही कंपनी काढली होती. बेथेस्डाने त्यांनाच पुढचा गेम दिला आणि जोश सॉयर यांच्या दिग्दर्शनाखाली साधारण दीड वर्षात २०१० चा ‘फॉलआउट : न्यू वेगास’ तयार झाला. रद्द झालेल्या ‘व्हॅन ब्युरेन’मधला हूव्हर धरणाचा संघर्ष आणि सीझरची फौज इथे पुन्हा उभी राहिली. चार दिशांना जाणारे शेवट, प्रत्येक गटाकडे तुमच्या वागण्याचा हिशेब. टँडीचं प्रजासत्ताक आता स्वतःच साम्राज्यासारखं पसरलेलं, करांनी लोकांना पिळणारं. सुरुवातीला गेम चुकांनी भरलेला होता. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले तर बोनस, असा ऑब्सिडियनचा करार होता आणि मिळाले ८४. आज मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता असं विचारलं तर बरेच चाहते याचंच नाव घेतात, आणि मीही त्यांच्यातलाच.

२०१५ चा ‘फॉलआउट ४’ पहिल्याच दिवशी १ कोटी २० लाख प्रतींनी दुकानांत पोचला. बंदुकी आणि वस्ती-बांधणी उत्तम, पण नायकाला आवाज दिल्यामुळे संवाद चार पर्यायांत कोंबले गेले. २०१८ च्या ऑनलाइन ‘फॉलआउट ७६’ मध्ये तर बोलायला माणूसच नव्हता. होते ते यंत्रमानव आणि मृतांच्या ध्वनिफिती. २०२० मध्ये माणसं परत आणली आणि त्यांच्यासोबत गुणांवर अवलंबून असलेले लेखी संवादही. त्या गेमचं जग मात्र विलक्षण आहे. त्यातलं व्हाइटस्प्रिंग हे वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर हॉटेलवर बेतलेलं आहे. शीतयुद्धात अमेरिकी संसदेसाठी त्या हॉटेलखाली खरोखरच गुप्त निवारा बांधला होता आणि १९९२ मध्ये एका वृत्तपत्राने तो उघडकीला आणला.

दरम्यान फार्गोंनी इनएक्झाइल ही नवी कंपनी काढून ‘वेस्टलँड’चे हक्क अखेर मिळवले होते. पैसे द्यायला प्रकाशक तयार होईना, तेव्हा मार्च २०१२ मध्ये ते लोकांकडून वर्गणी गोळा करणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर गेले. मागितले ९ लाख डॉलर, लोकांनी दिले सुमारे २९ लाख. ‘वेस्टलँड २’ २०१४ मध्ये आला आणि कोलोरॅडोच्या बर्फातला ‘वेस्टलँड ३’ २०२० मध्ये. संथ, पाळीपाळीने खेळायच्या गेमसाठी लोक अजून खिशात हात घालतात, हे त्यातून सिद्ध झालं. पूर्व युरोपची शाखा वेगळी वाढली. कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्डने २००७ मध्ये चेर्नोबिलच्या खऱ्याखुऱ्या निषिद्ध क्षेत्रावर ‘स्टॉकर’ उभा केला. तो पूर्ण आरपीजी नसला तरी रिकाम्या जगाचा धाक त्याच्याइतका फार थोड्यांना जमला आहे.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑब्सिडियन आणि इनएक्झाइल घेतल्या. मार्च २०२१ मध्ये बेथेस्डाच्या मूळ कंपनीची ७५० कोटी डॉलरची खरेदीही पूर्ण झाली. १९९० पासून ज्या हक्कांनी ही मंडळी वेगळी ठेवली, ते सगळे आता एकाच मालकाकडे आहेत. ‘वेस्टलँड’, ‘फॉलआउट’ आणि ‘न्यू वेगास’ घडवणारे स्टुडिओ एकमेकांना मदत करू शकत नाहीत, ही सबब आता उरलेली नाही.

आणि एप्रिल २०२४ च्या ‘फॉलआउट’ या दूरचित्रवाणी मालिकेने एक नवं ओझं ठेवून दिलं आहे. ती २२९६ मध्ये घडते, म्हणजे आजवरच्या सगळ्या गेमनंतर, आणि बेथेस्डा तिला अधिकृत इतिहास मानते. त्या इतिहासात शेडी सँड्स अणुस्फोटात नष्ट झालं आहे : खेळाडूंनी १९९७ मध्ये वाचवलेलं, १९९८ मध्ये राजधानी झालेलं, २०१० मध्ये दूरवर सैन्य पाठवणारं तेच गाव. ‘फॉलआउट ५’ अमेरिकेच्या कोणत्याही कोपऱ्यात घडो, त्या स्फोटातून वाचून दूर गेलेले लोक कुठेतरी भेटले पाहिजेत, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं हे चार ठरीव पर्यायांत न कोंबता खेळाडूवर सोडलं पाहिजे. एवढं जमलं तरी या परंपरेचा मान राखला गेला, असं मी म्हणेन.