उन्हाळ्यात मूगही आणि आलंही

चीनमध्ये उन्हाळा तापला की घरोघरी हिरव्या मुगाचं पाणी उकळतं. पारंपरिक चिनी वैद्यकात मूग, कारलं, कोहळा, कलिंगड हे सगळे ‘थंड’ गुणाचे. मूग वाफाळता प्यायला तरी थंडच! आयुर्वेदातलं थंड-उष्ण ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. चिनी मांडणी मात्र त्यांची स्वतःची आहे: उन्हाळा अग्नितत्त्वाचा, अवयव हृदय, चव कडू. म्हणून कारल्याला मान.

मुगाच्या दोन तऱ्हा आहेत. दाणे फुटायच्या आत, दहाएक मिनिटांत गाळलेलं हिरवट पाणी उष्मा उतरवायला. पार गाळ होईपर्यंत शिजवलेलं पोटभरीला. पण बीजिंगमध्ये हेच हिरवं पाणी बघता बघता लालसर होतं. तिथलं नळाचं पाणी थोडं अल्कधर्मी असतं, त्यात सालीतल्या पॉलिफेनॉल या नैसर्गिक रसायनांचं हवेतल्या ऑक्सिजनमुळे झपाट्यानं ऑक्सिडीकरण होतं. चार थेंब लिंबू पिळलं की रंग टिकतो.

घामावाटे गेलेलं पाणी आणि थोडं पोटॅशियम मुगाच्या पाण्यातून परत मिळतं, एवढं नक्की. पुढचे दावे जपूनच घ्यावेत. मूग सर्वरोगहारी असल्याचं सांगणारे झांग वुबेन चीनमध्ये टीव्हीमुळे घराघरांत पोहोचले होते. २०१० मध्ये तिथे मुगाचे भाव कडाडले, तेव्हा दुष्काळ आणि साठेबाजीबरोबर त्यांच्याकडेही बोट दाखवलं गेलं. त्याच वर्षी त्यांच्या पदव्या खोट्या निघाल्या.

मला खरी गंमत वाटते ती दुसऱ्या टोकाची. ‘हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं खा, वैद्याची गरज नाही’ अशी चिनी म्हण आहे. उन्हाळ्यात शरीरातली ऊब बाहेरच्या बाजूला येते आणि पोट आतून गार पडतं, त्यात बर्फाचं पाणी ओतू नये, असा हा विचार. जिआंग्सू प्रांतातल्या शूजौमध्ये तर ऐन उकाड्यात मटणाचं गरम सूप पितात.

गरम पिऊन गार वाटणं अगदीच थोतांड नाही. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सायकल चालवणाऱ्यांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी पाजून पाहिलं. गरम पाण्यानं शरीरात जितकी उष्णता शिरली, त्याहून जास्त उष्णता वाढलेल्या घामाच्या बाष्पीभवनातून बाहेर गेली. अट एकच, घाम वाळला पाहिजे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊ शहराच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. तिथे हा हिशेब उलटा पडतो.