सहा जखमी, दहा जणांचे डोळे आलेले

‘रोमन सैनिकाला पगारात मीठ मिळायचं, म्हणून पगाराला सॅलरी म्हणतात’ हा मेसेज तुमच्याही घरच्या ग्रुपवर फिरला असेल. त्या शब्दाचं मूळ मिठाच्या लॅटिन नावात आहे, एवढं खरं. पण शिपायांना पगार म्हणून मीठ वाटल्याचा पुरावा नाही. सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या पलटणीतल्या साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस, म्हणजे चांदीची नाणी मिळत, तीही तीन हप्त्यांत. वर जेवणाचे, कपड्यांचे पैसे त्यातूनच कापले जात. असे मेसेज पुढे ढकलू नका. खरी माहिती जास्त गमतीची आहे, आणि ती चिखलात सापडली आहे.

उत्तर इंग्लंडात विंडोलांडा नावाचं रोमन लष्करी ठाणं होतं. तिथे १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना उत्खननात एकमेकींना चिकटलेल्या दोन पातळ लाकडी ढलप्या मिळाल्या. त्या सोडवल्या तर आत शाईचं लिखाण! पुढे अशा शेकडो पट्ट्या निघाल्या, बहुतेक इ.स. ९० ते १२० च्या सुमाराच्या.

एका पट्टीवर १८ मेची हजेरी आहे. तुकडी तुंग्रियन लोकांची, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची. पटावर ७५२ जण, त्यातले ४५६ बाहेरगावी कामावर. ठाण्यात उरलेल्या २९६ पैकी ३१ जण कामाला येऊ शकत नव्हते: १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. तलवारीपेक्षा डोळ्यांनीच जास्त माणसं बसवून ठेवली होती! दुसऱ्या एका यादीत ३४३ जण कारखान्यांत राबताहेत. १२ जण जोडे शिवताहेत, १८ जण स्नानगृह बांधताहेत. एका पत्रात कुणीतरी कुणाला तरी मोजे आणि दोन चड्ड्या पाठवल्या आहेत.

पण लाकूड १,९०० वर्षं टिकलं कसं? लाकूड कुजवतात बुरशी आणि जिवाणू. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन फोडायला बुरशीला ऑक्सिजन लागतो. लिटरभर हवेत तो सुमारे २८० मिलिग्रॅम असतो, थंड पाण्यात विरघळलेला जेमतेम १०-१२. शिवाय पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. विंडोलांडात लाकडी ठाणं पाडलं, की त्यावर चिकणमाती आणि गवताची ढेपं अंथरून नवं बांधत. खाली पाणी मुरलेलं, वर मातीचं झाकण. आतल्या जिवाणूंनी होता नव्हता तो ऑक्सिजन संपवला, नवा आत पोचेना, आणि कुजणं जवळजवळ थांबलं.

शाईचं नशीबही तसंच. ती काजळी आणि डिंकाची, आपल्या जुन्या पोथ्यांसारखीच. काजळी म्हणजे कार्बन. तो सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही. मात्र लाकूड काळपटल्यामुळे अक्षरं डोळ्यांना दिसेनात. तेव्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत फोटो काढले. कार्बन ते किरण शोषून काळाच राहतो, जुनं लाकूड मात्र फिकट दिसतं, आणि ओळी उठून येतात. मास्क्लुस नावाच्या एका अधिकाऱ्याच्या ओळी अशाच वाचता आल्या: उद्या आम्ही काय करायचं ते कळवा, आणि माझ्या माणसांकडची बिअर संपली आहे, तेवढी पाठवायला सांगा.