टॉर्नेडोच्या पोटात डोकावणारं रडार

९ एप्रिल १९५३. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन इथं डोनाल्ड स्टॅग्ज हे विद्युत अभियंते पाऊस मोजण्याच्या रडारची दुरुस्ती करत होते. पडद्यावर वादळी ढगाचं चित्र होतं. त्या ढगाच्या कडेला एक शेपूट फुटलं आणि गळाच्या टोकासारखं आत वळत गेलं. स्टॅग्ज यांनी रडार बंद न करता ते दृश्य टिपून ठेवलं. त्या वळणापाशीच एक टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा प्रचंड भोवरा, जमिनीवरून फिरत होता. टॉर्नेडोची ही ओळखखूण रडारवर नोंदली गेली ती पहिल्यांदाच.

पण ते शेपूट म्हणजे वारा नव्हे. ढगातल्या फिरत्या हवेनं आपल्याभोवती ओढून घेतलेला तो पाऊस. वारा किती वेगानं फिरतोय, हे साध्या रडारला कळत नाही. त्यासाठी डॉप्लर रडार लागतं. आपल्याकडे येणाऱ्या रेल्वेची शिट्टी बारीक ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की तीच जाडी होते. रडार सोडतं त्या रेडिओलहरींचंही तसंच होतं, फक्त फरक फार सूक्ष्म असतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी सेकंदाला तीन अब्ज वेळा कंप पावतात. ताशी १८० किलोमीटर वेगानं येणाऱ्या थेंबावरून त्या परतल्या की या तीन अब्जांत जेमतेम हजाराची भर पडते. तेवढ्यावरून वेग काढायचा!

आणखी एक अडचण आहे. रडारला कळतं ते फक्त जवळ येणं आणि दूर जाणं. आडवी हालचाल त्याला दिसत नाही. मग भोवरा ओळखायचा कसा? त्याची एक बाजू रडारकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. म्हणून पडद्यावर हिरवा आणि लाल ठिपका अगदी खेटून उमटतात. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीजवळच्या टॉर्नेडोची निरीक्षणं नंतर तपासताना शास्त्रज्ञांना अशीच घट्ट जोडी सापडली. भोवरा जमिनीला टेकण्याच्या बऱ्याच आधी ती वर ढगात दिसत होती. आजच्या रडारवर आधारलेल्या इशाऱ्यांचा पाया या शोधात आहे.

तरीही टॉर्नेडोची खरी रचना हाती येत नव्हती. एक अंश रुंदीचा रडारचा झोत शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत पावणेदोन किलोमीटर रुंद होतो. बहुतेक टॉर्नेडो त्याहून कितीतरी अरुंद असतात. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे झोत जमिनीपासून वर वर जातो. घरं पडतात ती खाली, आणि रडार पाहतं ते दीड किलोमीटर उंचीवर.

मग रडारच ट्रकवर चढवलं गेलं. हवामानशास्त्रज्ञ जोशुआ वर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘डॉप्लर ऑन व्हील्स’ मैदानात आणलं आणि त्याच वर्षी २ जूनला टेक्सासमधल्या डिमिटच्या टॉर्नेडोजवळ नेलं. त्या चित्रात मध्यभागी चक्क एक रिकामं वर्तुळ होतं. भोवऱ्यात सापडलेले थेंब आणि कचरा बाहेर फेकला जातो, त्याचं कडं होतं आणि केंद्रात लहरी परतवायला फारसं काही उरत नाही. कड्यात हवा वर चढत होती, तर मधोमध खाली उतरत होती. बाहेरून एकसंध खांबासारखं दिसणारं हे वादळ आतून पोकळ निघावं, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

१९९९ मध्ये ३ मे रोजी याच प्रकारच्या रडारनं ओक्लाहोमातल्या मूर परिसरात ताशी ४८० किलोमीटरच्या पुढचे वारे मोजले. अर्थात, रडार मोजतं तो हवेत उडणाऱ्या वस्तूंचा वेग. जड वस्तू हवेइतक्या चपळ नसतात, त्यामुळे आकडे जपून वापरावे लागतात. मात्र हाच कचरा उपयोगीही पडतो. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या रडारला थेंब एकसारखे दिसतात, तर पत्रे, फांद्या आणि लाकडाचे तुकडे वेडेवाकडे. रात्री, पावसाच्या पडद्याआड, कुणालाही डोळ्यांनी काही दिसत नसताना टॉर्नेडो खरोखर जमिनीवर आहे, याची खात्री या खुणेवरून पटते.

३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टॉर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद होता. नोंदल्या गेलेल्या टॉर्नेडोंमध्ये सर्वांत रुंद हाच. काही सेकंदांत आकाश पिंजून काढणाऱ्या फिरत्या रडारला त्याच्या पोटात छोटे, अतिवेगवान उपभोवरे दिसले. अनुभवी अभ्यासक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा त्याच वादळात बळी गेला. रडारनं मोजलेले वारे टॉर्नेडोच्या तीव्रतेच्या सर्वांत वरच्या ईएफ-५ वर्गात बसणारे होते. पण वर्ग ठरतो नुकसान पाहून, आणि हा टॉर्नेडो बराचसा मोकळ्या रानातून गेला. म्हणून नोंद झाली ईएफ-३.

याच टॉर्नेडोसह आणखी काही टॉर्नेडोंच्या मोजमापांतून हवामानशास्त्रज्ञ जाना हाउझर आणि सहकाऱ्यांना वेगळीच गोष्ट दिसली. भोवरा वरून खाली उतरतो, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. इथे मात्र तीव्र फिरकी आधी जमिनीलगत किंवा जवळपास एकाच वेळी सगळ्या उंचींवर तयार झाली होती. दूरवरच्या स्थिर रडारचा झोत नेमका त्याच थराच्या वरून निघून जातो.