पणजीतलं धुकं आणि मामाचा पातेरा

फेब्रुवारीत सकाळी साडेसहाला रायबंदरच्या बाजूने चालायला गेलं की मांडवीपलीकडचं चोडण बेट दिसतच नाही, सगळं दुधी, आणि लोक "काय मस्त धुकं पडलंय" म्हणत मोबाईल काढतात. पण जरा हुंगून बघा, जळक्या पानांचा वास येतो. खरं धुकं म्हणजे नुसते पाण्याचे थेंब, त्याला कसला आलाय वास!

हा वास माझ्या ओळखीचा आहे, सत्तरीत मामाच्या काजूच्या बागेतला. बोंडू गळायच्या आधी झाडाखालचं साफ करावं लागतं, नाहीतर पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांत, बिया सापडत नाहीत, मग सगळा पातेरा ओढून काडी लावायची. मामा हे काम संध्याकाळी करतो कारण तेव्हा वारा पडलेला असतो, आग पसरत नाही. त्याचं बरोबरच आहे, पण धुराच्या हिशेबाने हीच वेळ सगळ्यात वाईट.

का ते सांगतो. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो ना, तेच. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे आतल्या गावांतला धूर हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो. त्यात थंडीच्या रात्री जमीन भराभर गार होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो, टोपावर झाकण ठेवल्यासारखा. धूर वर जाणार कुठून? शिवाय ओलसर पातेरा धड पेटत नाही, रात्रभर धुमसतो, आणि धुमसणाऱ्या आगीतून भडकलेल्या आगीपेक्षा जास्त बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साईड निघतो. पहाटे हवेतला दमटपणा पिऊन हे कण फुगतात, म्हणून धूर आणखी दाट दिसतो. ऊन तापलं की झाकण उघडतं, दहापर्यंत चोडण परत जागेवर.

यातले पीएम 2.5 कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून बारीक, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात, रुमाल बांधून काही होत नाही, एन-95 मास्कच लागतो. आपल्याकडे 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. आता बोला.

दिल्लीचं झाकणही हेच, फक्त आग पंजाब-हरयाणातल्या भाताच्या पराळीची, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्या पेंढ्याची. भूजल वाचवायला पंजाबने 2009 मध्ये कायदा केला, 10 जूनआधी भात लावायचा नाही, मग कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, शेतकरी काडी लावून मोकळा. पाणी वाचवायला गेले आणि धूर गळ्यात.

मग मामाने भर दुपारी जाळावं का? अजिबात नको, मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी ओतावं लागलं होतं. मी आपलं चालणं साडेनऊवर ढकललंय, ऊन लागतं पण चालतं. मामाने यंदा दोन ओळींचा पातेरा न जाळता बुंध्यांशी ओढून ठेवलाय, कुजून खत होईल म्हणून. "वाळवी लागली तर बिया वेचायला तूच ये," म्हणालाय.