भाव आणि स्वभाव: ड्यूररने रेखाटलेली आई

एखाद्या स्त्रीचे रेखाचित्र पाहताना ‘बाई किती करारी आहे’ असे आपण सहज बोलून जातो. पण त्या घटकेला तिची मुद्रा करारी होती, की ती मुळातच करारी होती? पहिला भाव, दुसरा स्वभाव. आणि रेखाचित्रात या दोहोंची गल्लत फार लवकर होते, कारण तिथे चेहऱ्याखेरीज धरायला फारसे काही नसते.

डच चित्रकार रेम्ब्रांटने 1633 मध्ये चांदीच्या टोकाच्या लेखणीने चर्मपत्रावर काढलेली त्याची वाग्दत्त वधू सास्किया हे भावाचे चित्र आहे. गालाला टेकलेला हात, दुसऱ्या हातात फूल, रुंद कडांची गवती टोपी, ओठांच्या कोपऱ्यात थांबलेले हसू, आणि खाली नोंद, की हा वाङ्निश्चयानंतरचा तिसरा दिवस. भाव असा ओठांत, पापण्यांत, मानेच्या कलात असतो आणि प्रसंगाबरोबर पालटतो. त्यावरून सास्किया सदा आनंदी असे म्हणणे म्हणजे साखरपुड्याच्या फोटोवरून मुलीचा स्वभाव सांगणे.

सास्कियाचे हे चित्र बर्लिनच्या ज्या संग्रहात आहे, त्याच संग्रहात जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररने मार्च 1514 मध्ये कोळशाने काढलेले आपल्या 63 वर्षांच्या आईचे, बार्बराचे, चित्र आहे. कपाळावर आठ्यांवर आठ्या, वर आलेली गालफडे, मानेच्या ताणलेल्या शिरा, आणि एकमेकींशी न जुळणारी दोन डोळ्यांची नजर. या खुणा संध्याकाळपर्यंत पुसल्या जाणाऱ्या नाहीत, म्हणून आपण त्यांनाच स्वभाव समजतो आणि बाई कठोर होती असे ठरवून टाकतो. माझ्या मते खरी चूक इथे होते. तिने 18 मुलांना जन्म दिला होता, त्यांतली बहुतेक तिच्या डोळ्यांदेखत गेली होती आणि चित्राच्या वेळी ती बराच काळ आजारी होती. आजारपण, गरिबी, लोकांची टवाळी सोसूनही तिने कधी कोणावर सूड उगवला नाही, असे मुलानेच लिहून ठेवले आहे. किती सोसले ते रेषेत दिसते. कसे सोसले ते मात्र त्याच्या लेखनातून कळते, आणि स्वभाव म्हणतात तो या ‘कसे’ला.

दोन महिन्यांनी, मे महिन्यात, ती वारली. ड्यूररने त्याच कागदावर शाईने तिच्या मृत्यूची नोंद केली. ती वाचली की तेच डोळे मृत्यूकडे पाहत असल्यासारखे वाटू लागतात; म्हणून छापील प्रत पाहताना मी आधी ती अक्षरे हाताने झाकतो.