मराठी सबटायटल (परभाषेतील चित्रपटांचे)

परभाषेतील चित्रपट चालू असताना त्यातील संवादाचा पडद्याच्या खालच्या भागात दिसणारा संक्षिप्त मराठी मजकूर. प्रमाण लेखनात याला ‘उपशीर्षक’ म्हणतात. सातारा-सांगलीकडे चित्रपट दाखवणारे आणि पाहणारे मात्र ‘सबटायटल’च म्हणतात, म्हणून या नोंदीत तोच शब्द ठेवला आहे.

इराणी, जपानी, कोरियन, तुर्की किंवा फ्रेंच चित्रपट या दोन जिल्ह्यांत पोहोचतो तो बहुधा इंग्रजी सबटायटल घेऊन. ज्याला इंग्रजी भरभर वाचता येत नाही तो प्रेक्षक दहाव्या मिनिटाला मागे पडतो आणि अर्ध्या तासात उठून जातो. ज्याला इंग्रजी येते त्याचेही नुकसान होते, फक्त ते त्याच्या लवकर ध्यानात येत नाही. मूळ भाषेत असलेल्या आणि मराठीतही जशाच्या तशा असलेल्या कितीतरी गोष्टी मधल्या इंग्रजीत गळून पडतात.

पूर्वपीठिका

मूकपटाच्या काळात हा प्रश्न सोपा होता. दोन दृश्यांच्या मध्ये मजकुराची पाटी येई, ती काढून दुसऱ्या भाषेतली जोडली की चित्रपट त्या भाषेचा झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये अशाच पाट्या होत्या. जपानमध्ये पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा, पात्रांचे आवाज काढणारा ‘बेन्शी’ असे आणि काही बेन्शींना नटांइतकाच मान होता. प्रेक्षक आणि प्रयोग यांच्यामध्ये उभा राहणारा असा माणूस सांगलीला नवा नव्हता. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथे ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला, त्यात सूत्रधारच पदे गाऊन कथा पुढे नेत असे.

बोलपट आला आणि पाटी बदलून भागेनासे झाले. ‘आलम आरा’ १९३१चा. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित केला. हा मार्ग खर्चिक होता. दुसरा मार्ग डबिंगचा. त्यात नटाचा मूळ आवाजच जातो. तिसरा मार्ग सबटायटलचा. फिल्मच्या काळात प्रत्येक प्रिंटवर अक्षरे कोरावी लागत, आधी रसायनाने आणि पुढे लेसरने. आता हे सारे काम एका साध्या मजकूर-फाइलीत होते, त्यामुळे संगणक असलेल्या कोणत्याही गावात ते करता येते.

इंग्रजीत काय गळते

नात्यांपासून सुरुवात करावी. तुर्की भाषेत वडिलांचा भाऊ ‘अम्जा’, आईचा भाऊ ‘दायी’, वडिलांची बहीण ‘हाला’ आणि आईची बहीण ‘तेयझे’. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी. चारही घरे तंतोतंत जुळतात. फारसीतही तसेच, तिथे मावशीला ‘खाले’ म्हणतात आणि मिरजेत ‘खाला’ ही हाक कोणाला समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजी ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोन शब्दांत हे सगळे कोंबले जाते. ‘पथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटात (१९५५) लहानगी दुर्गा म्हाताऱ्या इंदिरला ‘पिशी’ म्हणते. पिशी म्हणजे आत्या. ती नात्याने त्या घरचीच, तरीही त्या घरात तिला जागा नाही, हे दुःख ‘आत्या’ या शब्दात आपोआप येते. ‘आंटी’वरून मराठी करणाऱ्याने तिथे ‘मावशी’ लिहिले तर सगळा प्रसंगच वाकडा होतो.

तू, तुम्ही आणि आपण यांचेही तेच. फ्रेंचमध्ये दोन पायऱ्या आहेत, फारसीतही आहेत. कोरियन आणि जपानीत तर क्रियापदाचे रूपच मानाप्रमाणे बदलते. पात्रे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात तो क्षण पुष्कळ प्रेमकथांत आणि भांडणांत निर्णायक असतो. इंग्रजी फाइलीत तो दिसतच नाही, कारण दोन्हीकडे एकच शब्द. म्हणून इंग्रजीवरून काम करणाऱ्यानेही मूळ आवाज कानाने ऐकलाच पाहिजे. फ्रेंच ‘तू’ आणि ‘वू’ ओळखायला फ्रेंच यावे लागत नाही.

‘आम्ही’ की ‘आपण’ हा निर्णय मराठीत टाळता येत नाही. ‘आम्ही उद्या निघणार’ आणि ‘आपण उद्या निघणार’ यांत ऐकणारा माणूस गाडीत आहे की नाही हेच बदलते. लिंगाचेही तसेच: ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे इंग्रजी फाइलीवरून कळत नाही, चित्र पाहावे लागते. या कामात सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती केवळ चित्र न पाहता फाइल भाषांतरित केल्यामुळे होते.

इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांच्या १९८७च्या चित्रपटाचे फारसी नाव ‘खाने-ये दूस्त कोजास्त’. नेहमीचे मराठी होईल ‘मित्राचे घर कुठे आहे’. पण फारसी ‘दूस्त’ला लिंग नाही आणि हा शब्द मराठीत ‘दोस्त’ म्हणून शेकडो वर्षे नांदतो आहे. ‘दोस्ताचं घर कुठंय?’ असे केले तर पडद्यावर कानाला जे ऐकू येते तेच डोळ्याला दिसते. ऐकू येणारा शब्द प्रेक्षकाला कळणारा असेल तर तोच ठेवावा, हा नियम यातूनच निघतो. फारसी चित्रपटात बाजार, जमीन, शहर हे शब्द सतत कानावर पडतात. त्यांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द घातले की प्रेक्षकाला उगीच दोन भाषा ऐकल्यासारखे होते.

वाक्यरचनेतही मराठीची बाजू भक्कम आहे. जपानी, कोरियन, तुर्की आणि फारसी या चारही भाषांत क्रियापद साधारणपणे शेवटी येते. नट म्हणतो, ‘मी त्याला…’ आणि थांबतो. मग ‘मारलं नाही.’ तुर्की आणि जपानीत नकारही त्या शेवटच्या क्रियापदातच असतो. इंग्रजी सबटायटल नकार आधीच सांगून मोकळे होते आणि नटाचा तो थांबा फुकट जातो. मराठीत तो जसाच्या तसा राखता येतो. हे ज्याला जमले त्याचे सबटायटल प्रेक्षकाला वाचल्यासारखे वाटत नाही.

खाद्यपदार्थांची नावे जिथल्या तिथे ठरवावी लागतात. ‘पॅरासाइट’मध्ये (२०१९) दोन पाकिटांतील वेगवेगळ्या नूडल्स एकत्र करून होणारा ‘जापागुरी’ नावाचा पदार्थ आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘रामडॉन’ असा नवा शब्द घडवावा लागला. मराठीत पहिल्यांदा ‘जापागुरी नूडल्स’ आणि पुढे नुसते ‘जापागुरी’ पुरते.

मजकूर कापणे

एका वेळी दोनच ओळी. भरलेल्या दोन ओळींना साधारण सहा सेकंद द्यावे लागतात, हा जगभर चालणारा हिशेब आहे. मराठीसाठी तो सेकंदाला सात अक्षरे असा धरावा आणि एका ओळीत वीस-बावीस अक्षरांपलीकडे जाऊ नये. इथे ‘अक्षर’ म्हणजे उच्चारातले अक्षर. संगणक मोजतो ते वेगळे असते. ‘विद्यार्थ्याने’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा आहे: वि, द्या, र्थ्या, ने. संगणक प्रत्येक काना, वेलांटी आणि हलन्त वेगळा धरून त्याची चौदा चिन्हे मोजतो. रोमन लिपीसाठी ठेवलेली मर्यादा तशीच राहू दिली तर सॉफ्टवेअर चांगल्या ओळीही लाल करून दाखवते आणि नवखा माणूस गरज नसताना मजकूर छाटत बसतो.

खरी छाटणी अशी. संवाद दोन सेकंदांचा आहे. शब्दशः भाषांतर: ‘मी तुला काल संध्याकाळीच सांगितले होते की तू आज बाजारात जाऊ नकोस.’ एकोणतीस अक्षरे झाली, म्हणजे चार सेकंदांचा ऐवज. दोन सेकंदांत बसते ते: ‘बाजारात जाऊ नको म्हटलं होतं ना!’ अक्षरे चौदा. ‘काल’ गेला, ‘मी’ आणि ‘तुला’ गेले. ‘ना’ने राग मात्र राखला. मराठी क्रियापद पुरुष आणि लिंग बहुधा स्वतःच सांगते, त्यामुळे सर्वनामे आधी कापावीत. हाका आणि होकार चित्रात दिसतात; तेही कापता येतात.

सबटायटल संवादाबरोबर यावे, आधी येऊ नये. एक सेकंदाहून कमी काळ ठेवले तर ते नुसते चमकून जाते. दोन सबटायटल्सच्या मध्ये निदान दोन फ्रेमची (फ्रेम म्हणजे चित्रपटातले एक स्थिर चित्र) रिकामी जागा हवी, नाहीतर मजकूर बदलला हे डोळ्याला कळत नाही. ओळ तोडताना नाम एका ओळीत आणि ‘च्यासाठी’, ‘पासून’ दुसऱ्या ओळीत असे करू नये. नामाच्या आधीचे विशेषणही त्याच्याजवळच ठेवावे.

बोलीचा प्रश्न नाजूक आहे. ‘केले, गेले’ असे पुस्तकी रूप संवादात मेलेले वाटते. ‘केलं, गेलं’ हेच लिहावे. खेड्यातल्या पात्राला माण-खटावची बोली द्यावी का, यावर दोन मते आहेत. या नोंदीचे मत असे की या भागातील प्रेक्षकांसाठी द्यावी, पण लयीपुरती. ‘आलो की’, ‘कुठं निघालास?’, ‘लई झालं’ एवढ्याने माणूस गावचा वाटतो. प्रत्येक ‘होय’चे ‘व्हय’ आणि ‘नाही’चे ‘न्हाय’ केले तर वाचताना डोळा अडतो आणि दुःखाच्या प्रसंगात हशा पिकतो. शिव्यांबाबत हात आखडता घ्यावा: ऐकलेल्या शिवीपेक्षा वाचलेली शिवी जास्त लागते.

गाण्याचे शब्द कथेला लागत असतील तरच द्यावेत. रोमन लिपीत गाण्यासाठी तिरकी अक्षरे वापरतात. देवनागरीत ती वाचायला त्रास देतात, त्याऐवजी अवतरणचिन्हे घालावीत.

फाइल आणि तिचे आजार

नेहमीची फाइल ‘एसआरटी’ प्रकारची असते. तिच्यात प्रत्येक सबटायटलचे चार भाग: क्रमांक, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मजकूर, आणि एक कोरी ओळ. कोरी ओळ घालायची राहिली तर दोन सबटायटल्स एकमेकांना चिकटतात. क्रमांकाचे आणि वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) लिहावे लागतात. तिथे मराठी अंक घातले तर प्लेअरला वेळच कळत नाही. सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, पूर्णविराम नव्हे. ‘सबटायटल एडिट’ आणि ‘एजीसब’ ही मोफत सॉफ्टवेअरे या कामाला पुरतात.

फाइल युटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवावी. तसे केले नाही तर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. डीटीपीच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात टाइप करून आणलेला मजकूरही चालत नाही. कागदावर तो सुरेख मराठी दिसतो आणि फाइलीत निरर्थक रोमन अक्षरे निघतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि रफार व ‘श्र’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ डोळ्यांनी तपासावेत.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दाखवताना वेगळीच अडचण येते. काही टीव्ही आणि प्रोजेक्टरांना देवनागरी जोडता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. यावर खात्रीचा उपाय एकच: सबटायटल चित्रातच कायमचे उतरवून नवी व्हिडिओ फाइल करणे. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवावी, कारण चित्रात उतरलेली चूक मग दुरुस्त होत नाही.

सबटायटल मागेपुढे होण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचे औषध वेगळे. पाचव्या मिनिटाला जेवढा फरक तेवढाच शेवटालाही असेल तर सगळी फाइल तेवढी सरकवावी. फरक वाढत जात असेल तर गती जुळत नाही. चित्रपटाची मूळ गती सेकंदाला २४ फ्रेमची असते. युरोपीय टीव्हीसाठी केलेली प्रत २५ची असते, म्हणून १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. २४च्या प्रतीवर बेतलेले सबटायटल २५च्या प्रतीला लावले तर तासाभराच्या खुणेपाशी ते २ मिनिटे २४ सेकंद उशिरा येते. अशा वेळी सरकवून काही होत नाही; सगळ्या वेळा ०.९६ने गुणाव्या लागतात. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम-गती बदलण्याची सोय असते, ती हेच करते.

सभागृहात

वाचनालयाचे किंवा शाळेचे सभागृह सपाट असते. खुर्च्या एका पातळीत, त्यामुळे पुढच्याच्या डोक्याआड नेमकी खालची ओळ जाते. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर हवी. छत ठेंगणे असेल तर पडदा लहान घ्यावा, खाली आणू नये. खुर्च्यांची एकाआड एक ओळ अर्ध्या खुर्चीने सरकवली तरी पुष्कळ फरक पडतो. अक्षरांच्या ओळीची उंची पडद्याच्या उंचीच्या विसाव्या भागाहून कमी नसावी. सहा फूट उंच पडद्यावर ती जवळजवळ चार इंच येते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा भिडू नये म्हणून दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर ठेवावे. पांढऱ्या अक्षरांना काळी कड द्यावी, कारण कृष्णधवल चित्रपटात बर्फ किंवा पांढरी भिंत आली की नुसती पांढरी अक्षरे नाहीशी होतात.

जाहीर खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते आणि संवादांच्या भाषांतराची परवानगी त्या पत्रात वेगळी नमूद करून घ्यावी. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात चित्रपटाच्या हक्काची मुदत ६० वर्षांची आहे. परवानगीबरोबरच संवादयादी मागावी. तिच्यात पाट्यांवरचा आणि पत्रांतला मजकूरही असतो आणि कानाने अंदाज बांधण्याचे काम वाचते.

खेळाच्या आधी दोन तपासण्या कराव्यात. पहिली मूळ भाषा जाणणाऱ्याकडून, अर्थासाठी. दुसरी ज्याने तो चित्रपट पाहिलेला नाही अशा माणसाकडून, आवाज पूर्ण बंद करून. तो जिथे ‘थांब, मागे घे’ म्हणेल तिथे मजकूर जास्त आहे किंवा वाक्य उलटे आहे. ही दुसरी तपासणी पाटण-महाबळेश्वरकडे वेगळ्या कारणाने उपयोगी पडते. आषाढात पत्र्याच्या छतावर पाऊस सुरू झाला की सभागृहात आवाज ऐकूच येत नाही आणि पुढचा तासभर प्रेक्षकांच्या हाती फक्त खालच्या दोन ओळी राहतात.