हेल्मेटची काच, पावसाळ्यातील

दुचाकीस्वाराच्या हेल्मेटला पुढे असलेल्या पारदर्शक झडपेस बोलीत ‘काच’ म्हणतात. प्रत्यक्षात ती बहुधा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. पावसात तिच्यातून दिसेनासे होते ते दोन कारणांनी : बाहेरून थेंब व चिखल, आतून श्वासाची वाफ. या दोन्हींवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. बाहेरचा पृष्ठभाग पाणी झटकणारा हवा, आतला पाणी पसरू देणारा. पाणी झटकणारे द्रावण आतून लावले की वाफेचे बारीक थेंब होतात आणि काच अधिकच पांढरी दिसते.

उच्छ्वास सुमारे ३४° से. तापमानाचा व बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. सह्याद्रीच्या घाटांत भर पावसाळ्यात हवा साधारण २० ते २५° से. असते, म्हणजे उच्छ्वासाच्या दवबिंदू तापमानापेक्षा (ज्याखाली वाफेचे पाणी होते त्यापेक्षा) काच थंडच राहते. वाफ धरणे हा थंड हवेचा दोष मानतात. ताम्हिणी किंवा माळशेजला तो निकष अपुरा पडतो. येथे गारठा नसतानाही वाफ धरते, आणि बाहेरची हवाच दमट असल्याने ती लवकर सुकत नाही.

वाफेचे सुटे थेंब पडतात की सलग पापुद्रा बसतो, हे पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर ठरते. खऱ्या काचेवरून ज्योत फिरवून मग फुंकर घातल्यास ज्योतीच्या वाटेवर पारदर्शक पापुद्रा बसतो, या निरीक्षणाची चर्चा इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९११ मध्ये केली. ज्योतीने स्निग्ध मळ जातो, हे त्यांचे स्पष्टीकरण. स्कॉटिश वैज्ञानिक जॉन एटकेन यांचे मत वेगळे होते. पुढील अभ्यासाचा कल रॅले यांच्याकडे दिसतो. वाफरोधक द्रावणाचे मूळ अमेरिकी अवकाशमोहिमांत असल्याचे पुष्कळदा लिहिले जाते. जून १९६६ मध्ये जेमिनाय-९ए मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच यानाबाहेर असताना आतून धूसर झाली, आणि पुढे नासाने डिटर्जंट, शुद्ध पाणी व आग न धरणारे तेल यांचे मिश्रण तयार केले, एवढे खरे. मात्र काचेला साबण किंवा थुंकी चोळण्याची पाण्यात बुडी मारणाऱ्यांची रीत त्याहून जुनी असावी. म्हणून येथे ‘उगम’ न म्हणता ‘सुधारणा’ म्हणणे अधिक योग्य.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पिनलॉक पद्धतीची आतली दुसरी काच. तिच्या कडेची सिलिकॉनची पट्टी मुख्य काचेला सगळीकडून टेकते व मध्ये हवेचा थर अडकतो. शिवाय तिचे प्लॅस्टिक थोडी ओल शोषते. ती बसवताना मुख्य काच आधी धुऊन पूर्ण कोरडी करावी, आणि आतल्या काचेवरचा संरक्षक पापुद्रा ती बसवून झाल्यावरच सोलावा. दोन काचांच्या मध्ये वाफ दिसू लागली तर पट्टी कुठेतरी सुटली आहे असे समजावे. आतली काच ज्यांत अडकते त्या मुख्य काचेवरील खिळ्या विकेंद्री (मध्यापासून सरकलेल्या) असल्याने किंचित फिरवून ताण वाढवता येतो. फार ओल शोषली गेली की आतली काच धूसर होते. अशा वेळी ती काढून सावलीत वाळवावी, पुसू नये. रात्री समोरच्या दिव्यांची दुहेरी प्रतिमा दिसते, हा तिचा दोष.

पिनलॉक नसल्यास सौम्य साबणाचा एक थेंब ओल्या बोटाने आतून पसरून वाळू द्यावा व मऊ कापडाने चकाकी येईपर्यंत पुसावा. हा थर फार तर एका प्रवासापुरता टिकतो. पिनलॉकच्या काचेवर मात्र साबण वा फवारा वापरू नये. हेल्मेटमधील नाकावरची पट्टी श्वास खाली वळवते, ती काढून टाकू नये. काच एक खाच उघडी ठेवल्याने बराच फरक पडतो.

बाहेरची काच कोरडी पुसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे : चिखलातील वाळूचे कण कठीण लेप ओरखडतात आणि रात्री प्रत्येक ओरखडा दिव्याभोवती तारा उमटवतो. ओले कापड दहा मिनिटे टाकून मळ सुटू द्यावा, मग कोमट पाण्याने धुवावे. पेट्रोल, थिनर व अमोनियायुक्त काचसफाईची द्रावणे टाळावीत; त्यांनी पॉलिकार्बोनेटला केसासारख्या चिरा पडतात. गाडीच्या काचेसाठीचे थेंबरोधक द्रावणही प्लॅस्टिकसाठी असल्याचे लिहिलेले असेल तरच वापरावे. ट्रकच्या काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची चालकांची रीत खऱ्या काचेवर चालते, हेल्मेटवर नाही. टूथपेस्ट तर मुळीच नको. वेग कमी असताना थेंब उडून जात नाहीत, तेव्हा डाव्या हातमोज्याच्या तर्जनीवरील रबरी पट्टी उपयोगी पडते.

मोटारसायकलच्या विंडशील्डला सहसा वायपर नसतो. तिची वरची कड नजरेच्या रेषेखाली ठेवावी, म्हणजे पावसात तिच्यातून नव्हे, तिच्यावरून रस्ता दिसतो.